दुरुस्तीला लागणारा वेळ



स्मृतिव्याख्यानात सुरुवातीची दहा मिनिटे दिवंगतांच्या गुणवर्णनाला द्यायची रीत आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना ती रीत मानवली नसती. वर्गात कोणी प्रस्तावना लांबवली की ते हातातला खडू टेबलावर आपटत. तेव्हा थेट विषयाकडे वळतो.

आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. शाळेची सहल म्हणून, पुढे पाहुणे आले म्हणून, मग मुलांना दाखवायची म्हणून, अशी ती आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. तिथल्या चित्रांवर जागोजागी पिवळट, काळपट झाक दिसते. ती सगळी काही प्राचीन नाही. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे दोन इटालियन जाणकार बोलावले. गिलावा सुटून चित्रांचे पोपडे पडत होते. या दोघांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी चिकटवला, फुटक्या कडा बुजवल्या आणि चित्रांवर लाखेचा हात दिला. त्यांनी हे केले नसते तर आज आपण ज्या भिंती पाहतो त्यांतल्या काही कोऱ्या असत्या. पण लाख जुनी होत गेली तशी पिवळी पडली, तडकली, तिच्यावर धूळ आणि काजळी बसली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे तोच थर काढत बसावे लागले. चित्र वाचले, आणि वाचवल्याची खूण चित्रातच राहून गेली.

मला आज ज्या दुरुस्तीविषयी बोलायचे आहे, ती आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएची. तिचीही हीच तऱ्हा आहे. तिला वेळ लागतो, ती काही वेळा खूण ठेवून जाते, आणि काही वेळा जे वाचवायचे तेच बिघडवते. इथल्या घाटी रुग्णालयात किंवा आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ज्यांचे कोणी उपचार घेत आहे, त्यांच्या वेळापत्रकाशी या गोष्टीचा अगदी रोजचा संबंध आहे. तिथे मी शेवटी येईन.

1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. पुढची काही वर्षे जवळजवळ सगळ्यांचीच समजूत अशी होती, की ज्या रेणूत आनुवंशिक माहिती साठवायची तो मुळातच टिकाऊ असणार. दुरुस्तीची गरजच काय? 1974 मध्ये स्वतः क्रिकने लिहून ठेवले, की दुरुस्ती करणाऱ्या विकरांची शक्यता आमच्या ध्यानातच आली नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाने हे इतक्या सरळपणे कबूल करावे, याचे मला अजून अप्रूप वाटते.

समजुतीला धक्का दिला तो तोमास लिंडाल या स्वीडिश वैज्ञानिकाने. डीएनए पाण्यात ठेवला तर किती वेगाने मोडतो, हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न त्याने मोजून पाहिला. 1972 साली त्याने आणि नायबर्ग यांनी दाखवले, की शरीराच्या तपमानाला माणसाच्या एका पेशीतल्या डीएनएवरून दिवसाला सुमारे 10,000 बेस, म्हणजे आनुवंशिक मजकुराची अक्षरे, नुसती गळून पडतात. किरणोत्सर्ग नको, तंबाखू नको, कीटकनाशक नको. पाणी आणि ऊब पुरे. आपण इथे तासभर बसणार. तेवढ्या वेळात तुमच्या प्रत्येक पेशीत अशी चारशेच्या आसपास भगदाडे पडतील. श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनमुळे होणारी मोडतोड यात धरलेली नाही.

याखेरीज दिवसाला शंभर ते पाचशे ठिकाणी सायटोसिन या बेसचे आपसूक युरॅसिल होते. इथे जरा थांबतो, कारण डीएनएच्या घडणीतला एक जुना प्रश्न यातून सुटतो. आरएनएत युरॅसिल असते, डीएनएत त्याच्या जागी थायमिन. थायमिन म्हणजे युरॅसिलला एक मिथिल गट जोडलेला, आणि तो जोडायला पेशीला जादा ऊर्जा खर्चावी लागते. एवढा खर्च कशासाठी? डीएनएतही युरॅसिलच असते, तर सायटोसिन बिघडून झालेले युरॅसिल कोणते आणि मूळचे कोणते हे कळायला मार्ग उरला नसता. थायमिन वापरल्यामुळे डीएनएत दिसलेले प्रत्येक युरॅसिल हे चुकीचे, असा साधा नियम लावता येतो. 1974 मध्ये लिंडालने हा नियम लावणारे विकर शोधले. ते चुकीचा बेस कापून काढते, दुसरे विकर तिथला कणा छेदते, तिसरे समोरच्या धाग्याकडे पाहून योग्य बेस बसवते, चौथे सांधा जोडते. डीएनएला दोन धागे असल्याचा मोठा फायदा हाच: एकावर काय असायला हवे ते दुसऱ्यावरून कळते.

पेशी दोन होताना डीएनएची नक्कल होते तेव्हाही चुका होतात. नक्कल करणारे विकर दर लाखाला एखादी चूक करते. त्यातल्या बहुतेक ते स्वतःच मागे येऊन खोडते. उरलेल्या चुका पॉल मॉड्रिचने उलगडलेली विजोड-दुरुस्तीची यंत्रणा काढते, आणि शेवटी अब्जावधी बेसमागे एखादी चूक राहते. ही यंत्रणा जन्मतः अर्धवट असलेल्या कुटुंबांत आतड्याचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसतो.

लिंडाल आणि मॉड्रिच यांच्याबरोबर 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले तिसरे वैज्ञानिक म्हणजे अझीझ सांजार. तुर्कस्तानातल्या मार्दिन प्रांतातल्या सावूर या लहान गावचा हा माणूस. वैद्यकाची पदवी घेऊन त्याने आधी आपल्याच भागात डॉक्टरकी केली, आणि मग अमेरिकेत जाऊन एका जुन्या कोड्याच्या मागे लागला. 1949 मध्ये आल्बर्ट केल्नरला आढळले होते, की अतिनील किरणांनी मारलेले जंतू नंतर साध्या उजेडात ठेवले तर पुन्हा जिवंत होतात. उजेडावर चालणारे एक विकर, फोटोलायेज, ही करामत करते. अतिनील किरणांमुळे शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज निळा प्रकाश शोषून तो बंध तोडते. मूळ स्थिती जशीच्या तशी परत. कुठे खूण नाही, कुठे कापाकापी नाही. इतकी स्वच्छ दुरुस्ती दुसरी नाही, आणि नेमकी तीच आपल्याकडे नाही! जंतूंकडे आहे, वनस्पतींकडे आहे, बेडकांकडे आहे. आपण आणि आपले बहुतेक सस्तन भाऊबंद उत्क्रांतीत ती हरवून बसलो. मराठवाड्याच्या मे महिन्यात उघड्यावर काम करणाऱ्याच्या कातडीत मग दुसरी, लांबची पद्धत चालते. बिघडलेल्या जागेसह आसपासचा तीसेक बेसचा तुकडाच कापून काढायचा आणि समोरचा धागा पाहून नवा विणायचा. ज्या मुलांत ही पद्धत जन्मतः नसते, त्यांना लहानपणीच कातडीचे कर्करोग होतात. झीरोडर्मा पिग्मेन्टोसम हे त्या आजाराचे नाव. त्याचे कारण डीएनए-दुरुस्तीतला दोष आहे हे 1968 मध्ये जेम्स क्लीव्हरने दाखवले.

आतापर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्यांत समोरचा धागा शाबूत होता. दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर? मग पाहायला काहीच उरत नाही, आणि अजिंठ्याच्या भिंतीसारखी गत होते: पोपडा पडतो आहे, खाली काय होते ते नक्की माहीत नाही, आणि थांबायला वेळ नाही. अशा वेळी पेशी बहुधा तुटलेली टोके धरते, जरा साफ करते आणि नुसती जोडून टाकते. या घाईत काही बेस गळतात, काही नवे घुसतात. एकाच वेळी दोन ठिकाणी तुटलेले असेल तर या गुणसूत्राचे टोक त्या गुणसूत्राला जोडले जाऊ शकते. ही झाली लाखेची दुरुस्ती. पेशी जगते, पण खूण कायमची राहते.

दुसरी पद्धत फार काटेकोर आहे, पण ती डीएनएची नक्कल झाल्यानंतरच जमते, कारण तेव्हाच पेशीत त्याच मजकुराची दुसरी प्रत हजर असते. तुटलेला धागा त्या प्रतीत शिरतो, आपली जागा शोधतो आणि तिच्यावरून हरवलेला भाग लिहून घेतो. स्तनाच्या कर्करोगाशी ज्यांचे नाव जोडले गेले ती बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही जनुके याच पद्धतीत काम करतात. ती बिघडली की काटेकोर वाट बंद होते आणि पेशीला सगळ्या तुटी घाईच्या वाटेने जोडाव्या लागतात. कर्करोग त्या साचत गेलेल्या खुणांतून होतो. बीआरसीए म्हणजे "कर्करोगाचे जनुक" असे आपल्याकडे सर्रास छापले जाते, ते चुकीचे आहे. ते दुरुस्तीचे जनुक आहे. कर्करोग होतो तो ते नसल्याने.

जाता जाता एका जंतूचा उल्लेख करतो. 1956 मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात मांसाचे डबे किरणोत्सर्गाने निर्जंतुक करून पाहत होते. तरीही डबे नासले. त्यांत सापडला डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. किरणोत्सर्गाची मात्रा ग्रे या एककात मोजतात; माणूस चार-पाच ग्रे मात्रेत दगावू शकतो. हा 5,000 ग्रे सहज पचवतो. त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते पुन्हा जागेवर लावतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार आपटे, हरिशरण मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंतूवर बरेच काम केले आहे. त्याचा डीएनए आपल्याइतकाच ठिसूळ आहे. जमते ते एवढेच, की दुरुस्ती करणारी त्याची प्रथिने किरणोत्सर्गातही शाबूत राहतात.

आता एक वेगळा प्रश्न. दुरुस्ती जमतच नसेल तर पेशी काय करते? ती थांबते, तरीही जमले नाही तर स्वतःला संपवते. हा निर्णय ज्या प्रथिनाभोवती फिरतो त्याचे नाव पी-53. डीएनए तुटल्याची वर्दी मिळाली की पी-53 साचू लागते, पेशीचे विभाजन रोखते, दुरुस्तीला अवधी मिळवून देते, आणि मोडतोड हाताबाहेर गेली असेल तर पेशीला मरणाच्या वाटेला लावते. 1992 मध्ये डेव्हिड लेन यांनी त्याला जनुकसंचयाचा राखणदार म्हटले. हे प्रथिन नाहीसे झाले की पेशी मोडक्या डीएनएसह विभागत राहते आणि प्रत्येक विभाजनागणिक बिघाड वाढतो.

राखणदार गेल्यावर काय होते हे समजून घ्यायला परदेशी जायची गरज नाही. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर, ज्याचा जगभर दाखला दिला जातो असे काम झाले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातले डॉ. भ. म. नेने, टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या पुढाकाराने 1999 मध्ये ते सुरू झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण एचपीव्ही हा विषाणू आहे. ते दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना पुढे 2008 चे नोबेल मिळाले. या विषाणूच्या घातक जातींचे ई-6 नावाचे प्रथिन नेमके पी-53 ला गाठते आणि पेशीच्याच यंत्रणेकडून त्याचा निकाल लावते. ई-7 हे दुसरे प्रथिन विभाजनावरचा दुसरा लगाम काढते. विषाणूला कर्करोग घडवायचा नसतो. त्याला फक्त पेशी विभागत ठेवायची असते, म्हणजे स्वतःच्या प्रती निघतात. पण राखणदार गेल्यावर पुढच्या दहा-वीस वर्षांत पेशीच्या डीएनएत जे साचायचे ते साचते. बहुतेक स्त्रियांचे शरीर विषाणूला दोनएक वर्षांत हुसकून लावते. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्या हुडकायच्या, एवढाच प्रश्न उरतो.

या अभ्यासात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या आणि गावांचे 52 समूह केले होते. एका गटाची एचपीव्हीच्या डीएनएची चाचणी एकदाच केली, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा, म्हणजे त्या काळात व्यवहारतः तपासणी नाहीच. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही चाचणीच्या 34,126 स्त्रियांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या 31,488 स्त्रियांत 64. पुढच्या टप्प्यावर पोचलेले रोगी पहिल्या गटात 39, चौथ्यात 82. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. एप्रिल 2009 मध्ये हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले.

चौथ्या गटाचे काय, हा प्रश्न पुढे जाहीरपणे विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. अभ्यास सुरू झाला तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात अशा तपासणीची कुठलीच सोय नव्हती, ही आयोजकांची बाजू खरी आहे. पण ज्या आजाराला आधी गाठता येते हे ठाऊक होते, त्यात एका गटाला फक्त मोजत राहणे मला आजही जड वाटते. त्या 64 जणी परंडा, भूम, कळंब अशाच तालुक्यांतल्या कुणाच्या तरी आया, सुना होत्या. एचपीव्ही चाचणीचे श्रेय सांगताना त्यांचाही हिशेब सांगावा, असे माझे मत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही या विषाणूवरची लस आता उपलब्ध आहे. पण तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना आज उपयोग आहे तो चाचणीचाच, आणि ती अजून गावोगाव पोचलेली नाही.

एचपीव्हीवरून एक मराठी नाव आठवते. 1917 मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली घडल्या, आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या प्रसिद्ध हेला पेशी याच गाय यांनी वाढवल्या, आणि त्या पेशींत एचपीव्ही-18 आहे हे पुढे कळले. परत आल्यावर रणदिव्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या पहिल्यांपैकी ती एक. पेशी बशीत वाढवता आल्या नसत्या, तर आज मी सांगतो आहे त्यातले निम्मे कोणाला कळले नसते.

गर्भाशयमुखात राखणदाराला विषाणू गाठतो. तोंडात ते काम आपण स्वतः करतो. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ग्वानिन या बेसला मिथिल गट चिकटवतात. तो काढणारे एक प्रथिन पेशीत असते. ते मिथिल गट उपटून स्वतःच्या अंगावर घेते आणि मग स्वतः निकामी होते. एक प्रथिन, एक दुरुस्ती. पेशीला नवे बनवेपर्यंत थांबावे लागते. गालात दिवसभर विडा, मावा किंवा गुटखा धरणाऱ्याच्या पेशींना ही सवड कधी मिळणार? चुन्यामुळे तोंडातला अल्कलीपणा वाढतो, निकोटिन झपाट्याने शोषले जाते आणि सुपारीतली द्रव्ये डीएनएला जाळणारे ऑक्सिजनचे रूप तयार करतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेने आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेने भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या कर्करोगाचा डीएनए वाचला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सर्वाधिक वेळा बिघडलेले आढळले ते पी-53 चेच जनुक. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

आता किरणोपचार. आपल्याकडे याला कोणी शेक म्हणतात, कोणी लाइट. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून रुग्ण येतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात साधारण 70 ग्रे मात्रा असते, आणि ती रोज 2 ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, अशी सात आठवडे देतात. प्रत्येक वेळी यंत्राखाली काही मिनिटेच लागतात. मग सात आठवडे कशाला, दोन दिवसांत उरकून टाका की, असे नातेवाईक म्हणतात. रोजगार बुडतो, जनावरांकडे पाहायला कोणी नसते, त्यांचे म्हणणे मुळीच चूक नाही. उत्तर पेशीच्या दुरुस्तीत आहे.

पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगो यांनी 1920 च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याचे वृषण किरणांनी निर्बीज करायचे होते. एका दमात मात्रा दिली की वरची कातडी जळायची, तरी मेंढा निर्बीज होत नसे. तीच मात्रा काही दिवसांत वाटून दिली, तर कातडी वाचली आणि काम झाले. हे असे का, ते 1959-60 मध्ये अमेरिकेत मॉर्टिमर एलकाइंड आणि हॅरिएट सटन यांनी दाखवले. बशीतल्या पेशींना एकच मोठी मात्रा देण्याऐवजी तिचे दोन भाग करून मध्ये काही तास सोडले, की जास्त पेशी जगतात. त्या मधल्या तासांत दुरुस्ती होते.

2 ग्रेच्या एका मात्रेत पेशीतल्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांना सत्तर-ऐंशी ठिकाणी तुटी पडतात. आसपासची निरोगी पेशी सहा तासांत त्यांतल्या बहुतेक सांधते आणि दुसऱ्या दिवशीच्या मात्रेला सज्ज होते. कर्करोगाची पेशी अनेकदा आधीच एखादी दुरुस्तीची वाट किंवा पी-53 गमावून बसलेली असते; तिचे सांधणे अर्धे राहते, तशीच ती विभागायला जाते आणि मरते. रोजचा हा थोडासा फरक पस्तीस दिवस साचवत न्यायचा, हा या उपचाराचा सगळा हिशेब आहे. ऑक्सिजनचा पुरवठा आणि पेशीची अवस्था यांचाही त्यात वाटा असतो, पण कणा दुरुस्तीचाच. जिथे हा फरक लहान असतो तिथे दिवस कमीही करता येतात. स्तनाच्या कर्करोगात पाच आठवड्यांचे तीन झाले आहेत.

औषधे हाच फरक वाढवायला वापरतात. सिस्प्लॅटिन हे औषध बार्नेट रोझेनबर्गना 1965 मध्ये जंतूंवर विजेचा परिणाम पाहताना प्लॅटिनमच्या विद्युतअग्रामुळे अचानक हाती लागले. ते डीएनएला आडवे टाके घालते आणि किरणांनी पडलेल्या तुटी सांधणे अवघड करते. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. श्यामकिशोर श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाचा पुढच्या टप्प्यातला कर्करोग असलेल्या 850 स्त्रियांवर ते तपासले. पाच वर्षांनी नुसत्या किरणोपचाराच्या गटात 46 टक्के जणी हयात होत्या, सिस्प्लॅटिन जोडलेल्या गटात 54 टक्के. फार जुने, स्वस्त औषध, आणि शंभरांमागे आठ जणी जास्त.

पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. चौथ्या आठवड्यानंतर तोंड-घशाच्या कर्करोगातल्या वाचलेल्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. रॉडनी विदर्स यांनी 1988 मध्ये मांडले, की त्यानंतर उपचार लांबला तर दर दिवसामागे सुमारे 0.6 ग्रे नुसते तूट भरायला जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही सगळे उपचार आठ आठवड्यांत संपवावेत असे म्हणतात. म्हणजे यंत्र दोन दिवस बंद पडले, पोळ्याला गावी जाऊन रुग्ण चार दिवसांनी आला, ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला, तर तेवढ्या दिवसांत निरोगी पेशींबरोबर कर्करोगालाही सवड मिळते. कागदावर मात्रा पूर्ण होते, परिणाम होत नाही. 1978 पासून आपल्या शहरात कर्करोगाची नोंदणी होते आहे. किती जणांना रोग झाला ते आपण मोजतो. किती जणांचे उपचाराचे दिवस चुकले आणि कशामुळे, ते तितक्याच काटेकोरपणे मोजावे, अशी माझी मागणी आहे.

चुकलेला दिवस भरून काढायची एक मान्य पद्धत आहे: एका दिवशी दोन मात्रा द्यायच्या, पण मध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून. सहाच का, ते आता तुम्हाला सांगायला नको. सकाळी आठला पहिली, दुपारी दोननंतर दुसरी. गेवराईहून किंवा सेलूहून रोज येऊन-जाऊन करणाऱ्याला हे जमणार नाही. तो शहरात राहिलेला असला पाहिजे. महात्मा फुले योजनेतून किरणोपचाराचा खर्च निघतो, एस.टी.च्या तिकिटात सवलत मिळते, पण सात आठवडे खोलीचे भाडे आणि सोबतच्या माणसाचे जेवण कोणत्याच योजनेत पुरेसे धरलेले नाही. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण महिनोन्‌महिने राहतात. आपल्या शहरात मंगल कार्यालये आहेत, समाजाची वसतिगृहे आहेत, त्यांतली कितीतरी लग्नसराईबाहेर रिकामी असतात. आमखास मैदानापासून चालत जाता येईल अशा अंतरावर चाळीस-पन्नास खाटांची सोय करायला काय लागेल, याचा अंदाज मी दोन-तीन विश्वस्तांशी बोलून कागदावर मांडून आणला आहे. प्रश्नोत्तरे झाल्यावर ज्यांना त्यात रस असेल त्यांनी कृपया पुढच्या रांगेत थांबावे.